ताळा

शारजामध्ये, रोलाच्या मागच्या बोळात
शिंपी आणि मोबाईलवाला यांच्या मधल्या फटीत
मोइदू जुनी पुस्तकं वजनावर विकतो.
किलोला बारा दिरहम, मग ते पाककृतींचं असो
की स्टालिनग्राडचं.

मी बंदरावर टॅली क्लार्क. अठरा वर्षं.
कागदावर चारशे पोती आणि गोदामात तीनशे ब्याण्णव,
तर आठ कुठे गेली
हे मला कागदाच्या तोंडावरूनच कळतं.
अक्षर फार सुबक असलं की मी आधी पोती मोजतो.

त्या लढाईचं वेड अण्णांकडून आलं.
बार्शीला गिरणीच्या फाटकाशी रशियन पुस्तकांची गाडी यायची.
दीड रुपयात पुठ्ठ्याची बांधणी, आणि कागद असा
की त्यात भाकरी गुंडाळायला आईचा जीव व्हायचा नाही.
अण्णांच्या पुस्तकात युद्ध
जूनमधल्या एका रविवारी पहाटे सुरू व्हायचं.
त्याआधीची दोन वर्षं नव्हतीच.
अर्धा पोलंड कुणाच्या ताटात पडला, ते नव्हतं.
कुणी मागे हटत नव्हतं, कुणी शरण जात नव्हतं.
मग शत्रू मॉस्कोच्या दारात पोचला कसा?
मी विचारलं, तेव्हा अण्णा
नुसता चष्मा पुसत बसले.

मोइदूकडे पहिलं हाती लागलं ते एका जर्मन सेनापतीचं.
काय लिहितो! दोष चिखलाचा, हिमाचा,
वरच्या साहेबाचा, रुमानियनांचा.
नकाशावर बाण कसे रेखीव.
बाणांखाली गावं असतात,
ती छापायची राहिली.

मग एक अमेरिकन. त्यात युद्ध ट्रकांनी जिंकलं,
इथून वरच्या अंगाला, इराणच्या बंदरांत उतरवलेल्या.
अण्णांच्या पुस्तकात ते सगळे ट्रक
एका ओळीत मावले होते, स्वल्पविरामासकट.
संध्याकाळी धक्क्यावरून मी त्या बाजूला बघतो.
तेही कुणीतरी मोजून घेतले असणार,
उन्हात, पेन्सिलनं, घामानं ओल्या वहीत.
ती वही मला कोण देईल?

मोइदू म्हणतो, खरं कोणतं ते सांगा,
तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवतो.
काय सांगू? म्हटलं, मागून उघडत जा.
तळटिपा बघ, दोन्हीकडच्या दप्तरांतल्या.
आणि निदान एकदा तरी
'हे आम्हाला ठाऊक नाही' असं लिहिलेलं असलं
तर ते काढून ठेव.
तो हसला. असं पुस्तक विकत कोण घेईल, म्हणाला.

ड्राय-डॉकवर अंतोन आहे, बेलारूसचा, वेल्डिंग तपासतो.
रमजानातल्या एका दुपारी, कॅन्टीन बंद,
कंटेनरच्या आडोशाला बाटली फिरवताना
त्यानं आजीचं सांगितलं. ती तेव्हा नऊ वर्षांची.
दलदलीतून तीन दिवसांनी परतली, तर घरं नव्हती.
लाकूड जळतं, भट्टी जळत नाही.
नुसती धुराडी उभी होती. तिनं ती मोजली.
एकोणीस.
जन्मभर तिनं तेवढाच आकडा सांगितला.
माणसं किती, ते विचारलं की
ती बटाटे सोलायला घ्यायची.

चार वर्षांनी मोइदूनं एक जाडजूड काढून ठेवलं,
कणा फाटलेलं, तळटिपा मुंगीएवढ्या.
एक किलो चारशे भरलं. वरचे ऐंशी फिल्स त्यानं सोडले.
शेवटच्या कोष्टकात अंतोनचं गाव एका ओळीत:
घरं एकवीस.

त्याला दाखवलं. बराच वेळ बघत राहिला.
मग म्हणाला, दोघांकडे धुराडं नसेल. गरीब असतील.
थोड्या वेळानं म्हणाला,
किंवा मोजता मोजता ती दमली असेल.

आमच्या रजिस्टरात अशा वेळी लिहायची पद्धत आहे.
मी समासात लिहिलं: प्रत्यक्ष मोजणी एकोणीस.
फरक दोन. कारण अज्ञात.
त्याखाली मोजणाऱ्याची सही लागते.
मी अंतोनला आजीचं नाव विचारलं.
अवदोत्स्या, तो म्हणाला,
आणि मग ते नीट लिहिता यावं म्हणून
परत एकदा, सावकाश.